'इन कॅमेरा' म्हणजे कॅमेऱ्यासमोर नव्हे

'अत्याचाराच्या खटल्याची सुनावणी इन कॅमेरा होणार' अशी एक बातमी. 'नातेवाइकांच्या मागणीनंतर मृतदेहाचं इन कॅमेरा शवविच्छेदन' अशी दुसरी. आपल्या वर्तमानपत्रांत या दोन्ही तऱ्हेच्या बातम्या नेहमी येतात. पहिल्या बातमीत शब्दाचा अर्थ आहे बंद दाराआड, बाहेरच्या कुणाच्याही नजरेस पडणार नाही असं. दुसऱ्या बातमीत अर्थ आहे सगळ्याचं चित्रीकरण करून, पुढे शंका आली तर पुन्हा पाहता येईल असं. शब्द तोच, अर्थ मात्र एकमेकांच्या उलट.

वाचणाऱ्याचा घोळ झाला तर दोष त्याचा नाही. पण हा घोळ सोडवायला हवा, कारण तो नुसत्या शुद्धलेखनासारखा किरकोळ नाही. साक्ष 'इन कॅमेरा' होणार हे ऐकून, आपल्या मुलीचं शूटिंग होणार अशी धास्ती एखाद्या आईनं घेतली आणि साक्षीलाच नको म्हणाली, तर जी सोय तिच्या मुलीसाठी केली आहे तीच तिच्या आड येईल.

शब्द मुळात खोलीचा

लॅटिन भाषेत 'कामेरा' म्हणजे खोली. त्याच्याही मागे ग्रीक भाषेतला 'कामारा' आहे, म्हणजे कमानीचं छत असलेली जागा. छताची कमान काळाच्या ओघात विसरली गेली आणि नुसती खोली उरली. इटालियन माणूस आजही खोलीला 'कामेरा'च म्हणतो. फ्रेंचांनी त्याचं 'शांब्र' केलं, तिथून तो इंग्रजीत 'चेंबर' होऊन आला आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे पोचला. वकिलांचं चेंबर, पुण्यातलं 1934 साली सुरू झालेलं मराठा चेंबर आणि रस्त्याखालचं गटाराचं चेंबर ही सगळी एकाच घरातली मंडळी. पोर्तुगिजांच्या तोंडून 'कामारा' आला, त्याचा 'कमरा' झाला. त्यांच्या काळात गोव्यातल्या नगरपालिकेला 'कामारा मुनिसिपाल' म्हणत. स्पेनमध्ये एका खोलीत राहणाऱ्या सैनिकांना 'कामारादा' म्हणायचे. गिरणगावातल्या सभांमध्ये दुमदुमलेला 'कॉम्रेड' तिथूनच निघालेला आहे.

मग फोटोचा कॅमेरा यात कुठून आला? अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक असलं की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं 1604 साली आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात अशा रचनेला 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हटलं, म्हणजे अंधारी खोली. पुढे खोलीची पेटी झाली, पेटीला भिंग बसलं, आणि 1839 मध्ये फ्रान्समध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली तेव्हा त्या पेटीच्या आत प्रतिमा टिकवून धरता येऊ लागली. बोलताना 'अंधारी' हा शब्द गळाला आणि 'खोली' तेवढी राहिली. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये जो कॅमेरा आहे, त्याच्या नावाचा अर्थ आजही खोली असाच आहे.

कोर्टातला 'इन कॅमेरा' या यंत्राच्या नावावरून आलेला नाही. तो थेट लॅटिनमधून, वकिलांच्या भाषेतून आला: 'खोलीत'. उघड्या कोर्टात सगळ्यांसमोर न ऐकता न्यायाधीशांच्या खासगी खोलीत ऐकलेलं प्रकरण, इतकाच त्याचा अर्थ. आता त्यासाठी न्यायाधीशांनी उठून खोलीत जावं लागत नाही. कोर्टाचा हॉल रिकामा केला की तोच त्या वेळेपुरता 'खोली' होतो.

खुद्द इंग्लंडनं हा शब्द दिवाणी कोर्टांच्या नियमांतून 1999 साली काढून टाकला. सामान्य पक्षकाराला लॅटिन कळत नाही, म्हणून तिथे आता 'खासगीत सुनावणी' अशा अर्थाचे साधे इंग्रजी शब्द वापरतात. आपल्याकडे 2023 साली फौजदारी कायदे नव्यानं लिहिले, नावंही बदलली, पण इंग्रजी मसुद्यात 'इन कॅमेरा' तसाच ठेवला. ती संधी हातची गेली असं मला वाटतं.

आधी नियम: कोर्टाचं दार उघडं

बंद दाराचं महत्त्व कळायला आधी हे माहीत हवं की आपल्याकडचं कोर्ट मुळात उघडं असतं. तुमचा कुठलाही खटला नसला तरी तालुक्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर शांतपणे बसायला तुम्हाला मुभा आहे. फौजदारी कोर्टाची जागा 'खुली' समजावी आणि जागेत मावतील तितक्या लोकांना आत येऊ द्यावं, असं कायदाच सांगतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 327 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 366 आहे.

या उघडेपणामागचं कारण लंडनमधल्या एका खटल्यात फार नेमकं सांगितलं गेलं. स्कॉट नावाच्या बाईंनी विवाह रद्द ठरवून घेण्यासाठी दावा लावला होता. तो 'इन कॅमेरा' चालला आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागला. पण बाहेर त्यांच्याविषयी भलतंसलतं बोललं जातंय असं दिसल्यावर त्यांनी कामकाजाच्या नकला काढून सासऱ्यांना, नणंदेला आणि आणखी एका व्यक्तीला पाठवल्या. कोर्टानं त्यांनाच अवमानाबद्दल दोषी धरलं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत, गेलं आणि 1913 मध्ये तिथल्या न्यायमूर्तींनी तो आदेश मोडीत काढला. दार बंद करणं हा अपवाद आहे, न्यायाधीशाच्या मर्जीची किंवा नुसत्या सभ्यतेची बाब नाही. दार उघडं ठेवल्यानं न्याय करणंच अशक्य होणार असेल तेव्हाच ते लावायचं, असं त्यांनी बजावलं. त्या निकालात विचारवंत जेरेमी बेंथम यांचं म्हणणं उद्धृत केलेलं आहे. त्याचा आशय असा की न्यायाधीश दुसऱ्याचा खटला चालवत असतो तेव्हा लोकांच्या नजरेपुढे त्याचाही खटला चालू असतो.

इंग्लंडला ही काळजी उगाच नव्हती. तिथे एके काळी 'स्टार चेंबर' नावाचं कोर्ट होतं. छतावर तारे काढलेल्या दालनात ते बसायचं. लॅटिनमध्ये 'कामेरा स्टेलाटा'. तिथे ज्यूरी नव्हती आणि राजाच्या विरोधकांना जबर शिक्षा होत. 1641 मध्ये पार्लमेंटनं ते बंद केलं, पण मनमानी न्यायाचं दुसरं नाव म्हणून ते इंग्रजीत कायमचं राहिलं.

मग दार लावायचं कधी

आपल्या कायद्यात दार लावण्याचे दोन मार्ग आहेत. एक, न्यायाधीशांना एखाद्या प्रकरणात गरज वाटली तर ते लोकांना किंवा एखाद्या माणसाला बाहेर थांबायला सांगू शकतात. दोन, काही प्रकरणांत कायदाच सांगतो की दार लावा. बलात्काराचे खटले यात येतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे, म्हणजे 2012 च्या पॉक्सो कायद्याखालचे खटले येतात. हिंदू विवाह कायद्याखालची घटस्फोटाची कामंही येतात. कुटुंब न्यायालयात तर नवरा-बायकोपैकी एकानं जरी मागणी केली, तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. शासकीय गुपितांच्या 1923 च्या कायद्याखालचे खटले सरकार पक्षाच्या विनंतीवरून बंद दाराआड चालवता येतात.

यातला बलात्काराच्या खटल्यांचा नियम आपोआप आलेला नाही. त्याच्या मागे महाराष्ट्रातल्या एका मुलीनं सोसलेलं आहे.

देसाईगंज, 1972

आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. मार्च 1972 मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात, रात्री, एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. ती मजुरी करायची. एका कौटुंबिक तक्रारीवरून जबाबासाठी तिला ठाण्यात बोलावलं होतं. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं आणि निकालात तिच्याच चारित्र्यावर शेरे मारले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आरोपींना दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये त्यांना पुन्हा सोडलं. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हा त्या निकालातला एक मोठा मुद्दा होता.

पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते छापलं गेलं आणि देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्या आंदोलनातून 1983 चा दुरुस्ती कायदा आला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराची वेगळी दखल, पीडितेचं नाव छापण्यावर बंदी, आणि बलात्काराचे खटले बंद दाराआड चालवण्याची सक्ती, या तिन्ही गोष्टी त्यानं आणल्या.

कायद्याच्या पुस्तकांत ते प्रकरण आजही त्या मुलीच्या नावानंच ओळखलं जातं. नाव छापू नका म्हणणारं कलम तिच्या वेळी नव्हतं. ते तिच्यामुळे आलं आणि तिच्यानंतरच्या मुलींच्या उपयोगी पडलं. म्हणून मी ते नाव इथे लिहीत नाही.

कलम आलं तरी ते लगेच अंगवळणी पडलं नाही. 1996 मध्ये पंजाबातल्या गुरमीत सिंग खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला खालच्या कोर्टांना पुन्हा सांगावं लागलं की हा नियम मर्जीवर सोडलेला नाही, तो पाळायचा आहे. उलटतपासणीत बाईला तेच ते तपशील पुन्हा पुन्हा वदवून घेऊन बेजार केलं जातं आणि न्यायाधीश गप्प बसतात, हेही त्या निकालात स्पष्ट लिहिलं आहे.

दार लागल्यावर आत काय होतं

सत्र न्यायालयातला एखादा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळपासून बोर्डावरची कामं एकेक करून पुकारली जात आहेत. बाकांवर दुसऱ्या खटल्यांचे पक्षकार, त्यांचे नातेवाईक, शिकाऊ वकील दाटीवाटीनं बसलेले. पीडितेच्या साक्षीचं काम निघतं. कोर्टाचा शिपाई सगळ्यांना बाहेर व्हायला सांगतो. ज्या वकिलांचा या कामाशी संबंध नाही तेही उठतात. कुणी वार्ताहर बसलेला असेल तर त्यालाही निघावं लागतं. मंडळी व्हरांड्यात जातात आणि दार लोटलं जातं.

आत राहतात न्यायाधीश, साक्ष टाइप करणारे लघुलेखक आणि कोर्टाचे कर्मचारी, सरकारी वकील, आरोपी आणि त्याचे वकील, आरोपीला कोठडीतून आणलं असेल तर त्याच्यासोबतचे पोलीस, आणि साक्ष देणारी. तिला आई किंवा विश्वासातलं कुणी जवळ हवं असेल तर तसा अर्ज करता येतो. न्यायाधीश परवानगी देऊ शकतात. लहान मुलाच्या बाबतीत तर पॉक्सो कायदाच म्हणतो की आईवडील किंवा मुलाचा भरवसा असलेली व्यक्ती हजर हवी. बलात्काराचा खटला शक्यतो महिला न्यायाधीशांपुढे चालावा, असंही कलमात आहे.

पॉक्सोच्या खटल्यात आणखी एक बारकाई आहे. वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. सरकारी वकील असोत की आरोपीचे, त्यांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचा आणि न्यायाधीशांनी तो मुलाला समजेल अशा शब्दांत विचारायचा. मूल आणि आरोपी यांची नजरानजर होऊ नये म्हणून मध्ये पडदा लावतात, एका बाजूनंच दिसणारी काच वापरतात किंवा मुलाची साक्ष दुसऱ्या खोलीतून व्हिडिओवर घेतात. आरोपीला मात्र साक्ष ऐकू आली पाहिजे आणि त्याला आपल्या वकिलाशी बोलता आलं पाहिजे.

डॉक्टर रुग्णाला तपासताना पडदा ओढतात, पण केसपेपरवर सगळं लिहिलं जातं आणि औषध काय दिलं ते कागदावर बाहेर येतं. बंद दाराच्या सुनावणीचंही तसंच आहे. बघ्यांना बाहेर ठेवलं तरी नोंद होते.

दाराआड आरोपीवर अन्याय झाला तर?

हा प्रश्न रास्त आहे. आरोपीचं कुटुंबही बाहेरच थांबलेलं असतं आणि आत काय चाललं आहे याची त्यांनाही तितकीच काळजी असते. पण 'इन कॅमेरा' म्हणजे आरोपीच्या पाठीमागे चाललेली सुनावणी नव्हे. तो स्वतः हजर असतो, त्याच्या वकिलांना पूर्ण उलटतपासणी करता येते, साक्षीची नक्कल त्याला मिळते आणि तिच्याच आधारे वरच्या कोर्टात अपील करता येतं. उच्च न्यायालयातले न्यायमूर्ती ती साक्ष शब्दन्‌शब्द वाचतात.

लोकांची नजर नसल्यानं काहीच बिघडत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. बेंथम म्हणत होते तो धोका खरा आहे. मुंबई उच्च न्यायालयातल्या एका गाजलेल्या प्रकरणात त्याचा कस लागला. एका साप्ताहिकाच्या संपादकाविरुद्ध बदनामीचा दावा चालू होता. आपली साक्ष छापून आल्यानं धंद्यात नुकसान होतं, असं एका साक्षीदारानं सांगितलं आणि न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती साक्ष छापू नये असं तोंडी फर्मावलं. पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. 1966 मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली नऊ न्यायमूर्तींनी ते ऐकलं. न्यायासाठी गरज असेल तर उच्च न्यायालयाला सुनावणी बंद दाराआड घेण्याचा आणि प्रसिद्धी थांबवण्याचा अधिकार आहे, असं आठ जण म्हणाले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला एकटे विरोधात गेले. मला हिदायतुल्लांची बाजू पटते: धंद्यातलं नुकसान हे कोर्टाचं तोंड बंद करण्याइतकं मोठं कारण नव्हे. अत्याचार सोसलेल्या मुलीला शंभर माणसांपुढे तो पुन्हा सांगायला लावणं, हे मात्र आहे.

निकालही गुप्त राहतो का?

नाही. सुनावणी बंद असली तरी निकाल गुप्त ठेवायचा नसतो. शासकीय गुपितांच्या कायद्यातसुद्धा, जिथे देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असतो, तिथेही शिक्षा सुनावताना दार उघडंच हवं, असं कलम 14 सांगतं.

बंधन आहे ते कामकाज छापण्यावर. बंद दाराआडच्या बलात्काराच्या खटल्यातलं कामकाज कोर्टाच्या परवानगीशिवाय छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 73 खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल छापणं मात्र या गुन्ह्यात धरलेलं नाही. पीडितेची ओळख उघड करण्यालाही आधीच्या कलमात, 72 मध्ये, तेवढीच शिक्षा आहे, आणि हे फक्त वर्तमानपत्रांना लागू नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो पुढे पाठवणाऱ्यालाही ते लागू आहे. 'न्याय मिळवून देऊ' म्हणत तिचं नाव फलकावर लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. ती सज्ञान असेल आणि तिनं स्वतःहून लेखी संमती दिली, तर गोष्ट वेगळी.

बंद लिफाफा वेगळा

बातम्यांमध्ये 'सीलबंद लिफाफा' हेही येतं आणि अनेकांना ते 'इन कॅमेरा'चंच भावंड वाटतं. फरक मोठा आहे. बंद दाराआड दोन्ही पक्ष आत असतात. बाहेर असते ती जनता. बंद लिफाफ्यात एक पक्ष, बहुतेकदा सरकार, कागद थेट न्यायाधीशांच्या हाती देतं आणि समोरच्या पक्षाला ते दाखवलेच जात नाहीत. आपल्याविरुद्ध काय लिहिलं आहे हेच ठाऊक नसेल, तर माणूस उत्तर कशाचं देणार? सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2023 मध्ये एका मल्याळम वृत्तवाहिनीच्या प्रकरणात या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. 'इन कॅमेरा'वर टीका करणाऱ्यांचा खरा राग पुष्कळदा या लिफाफ्यावर असतो, आणि तो योग्य आहे.

साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब'

महाराष्ट्रात या शब्दाचा तिसरा अर्थही रोजच्या वापरात आहे, तो पोलिसांच्या कागदांत. एखाद्या वस्तीत एक दादा हप्ते घेतो, दुकानं फोडतो, पण उघड तक्रार द्यायला कुणी धजत नाही. त्याला तडीपार करायचं किंवा 1981 च्या एमपीडीए कायद्याखाली (धोकादायक गुंडांना खटल्याशिवाय अडकवून ठेवण्याचा कायदा) स्थानबद्ध करायचं, तर पोलीस दोघाचौघांना नाव गुप्त ठेवण्याचं आश्वासन देऊन जबाब घेतात. त्यालाच 'इन कॅमेरा जबाब' म्हणतात. आदेशाच्या कागदांत त्यांची नावं नसतात. तिथे साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब' असं लिहिलेलं असतं, आणि पत्ता किंवा दुकानाचं ठिकाण झाकलेलं असतं.

इथे ना न्यायाधीश, ना खोली, ना चित्रीकरण. आहे ते फक्त नावाचं गुपित. आणि इथे आरोपीपासूनच गुपित ठेवलेलं असतं, म्हणून धोकाही जास्त. पोलीस दोन बनावट साक्षीदार कागदावर उभे करू शकतात, हा आरोप अशा बहुतेक प्रकरणांत होतो. त्यावर उपाय म्हणून वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्या साक्षीदारांना भेटून खातरजमा करायची असते. ती नीट केलेली दिसली नाही, तर मुंबई उच्च न्यायालयानं स्थानबद्धतेचे आदेश रद्द केल्याची अनेक उदाहरणं आहेत.

शवविच्छेदनात कॅमेरा खरोखरच असतो

आता ज्या अर्थानं गावोगावी हा शब्द सगळ्यांत जास्त बोलला जातो त्याकडे. तरुण सुनेचा संशयास्पद मृत्यू, कोठडीतला मृत्यू, विहिरीत सापडलेला देह. नातेवाईक ग्रामीण रुग्णालयाच्या दारात ठाण मांडतात: इन कॅमेरा पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय मृतदेह ताब्यात घेणार नाही. त्यांना म्हणायचं असतं व्हिडिओ काढा. डॉक्टरांनी काय पाहिलं, कुठल्या जखमा होत्या, व्हिसेरा (तपासणीसाठीचे आतले अवयव) कसा काढून ठेवला, हे सगळं नोंदलेलं राहू द्या.

मागणी अगदी योग्य आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं 1995 सालीच कोठडीतल्या मृत्यूंच्या शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायला राज्यांना सांगितलं होतं. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं, सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला परवानगी दिली तेव्हा रात्रीच्या प्रत्येक शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायची अट घातली, कुणाला संशयाला जागा राहू नये म्हणून. हे चित्रीकरण तपासाच्या कागदांचा भाग असतं. ते गावात दाखवण्यासाठी नसतं.

अर्थ उलटा कसा झाला, हेही समजण्यासारखं आहे. आपल्याकडे 'कॅमेरा' हा शब्द खोली म्हणून कधी आलाच नाही, तो फोटोच्या यंत्राबरोबर आला. 'इन' म्हणजे आत हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे 'इन कॅमेरा' ऐकलं की मराठी कानाला 'कॅमेऱ्यात टिपलेलं' हेच ऐकू येतं. बोलणाऱ्याला अडाणी ठरवण्याचं काही कारण नाही. अनोळखी लॅटिन शब्दाचा त्यानं ओळखीच्या शब्दांनी अर्थ लावला. आणि हा अर्थ आणखी पक्का होत जाणार, कारण नव्या कायद्यानं झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. तपासात खराखुरा कॅमेरा आता पदोपदी असेल.

अर्जात काय लिहावं

बोलताना शब्द कसाही वापरला तरी चालेल. अर्ज करताना मात्र हवं ते सरळ मराठीत लिहावं. शवविच्छेदनाबद्दल असेल तर 'शवविच्छेदनाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ चित्रीकरण करावे व ते जतन करावे' असं तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या आणि रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावानं लिहावं. शवविच्छेदन सुरू होण्याआधी अर्ज द्यावा, आणि दुसऱ्या प्रतीवर वेळेसह पोच घ्यावी. नुसतं 'इन कॅमेरा करावे' असं लिहिलं, तर पुढे वाद झाल्यावर कोर्टात त्याचा अर्थ काय लावायचा यावरच वेळ जाईल.

कोर्टातल्या साक्षीबद्दल असेल तर 'साक्ष बंद दाराआड घ्यावी, संबंध नसलेल्या व्यक्तींना बाहेर थांबवावे' असं सरकारी वकिलांमार्फत मांडावं. सोबत कुणाला थांबू द्यायचं असेल तर त्या व्यक्तीचं नाव आणि नातं त्याच अर्जात लिहावं. आरोपी नजरेसमोर नको असेल तर पडदा किंवा दुसऱ्या खोलीतून साक्ष, यापैकी काय हवं तेही लिहावं. साक्षीच्या दिवशी ऐन वेळी सांगण्यापेक्षा आधीच्या तारखेला सांगितलं तर कोर्टाला व्यवस्था करता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. स्त्रियांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि फोनवर विचारायचं असेल तर देशभरासाठी 15100 हा क्रमांक आहे.